वारूळ, लॉन आणि गुलमोहर : पावसाळी अळिंबीच्या छत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न

बांधावरच्या वारुळाशी मृगाचा पाऊस झाला की लांब देठाच्या पांढरट छत्र्या निघतात. घरातली जुनी माणसं त्यांची भाजी करायची. आता ओळखणारं कुणी उरलं नाही. आम्ही कशी ओळखावी?
— एक वाचक, किनवट

तुमचं वर्णन वाळवीच्या अळिंबीशी जुळतं. शास्त्रात तिला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी चावलेल्या काडीकचऱ्याचे सच्छिद्र गड्डे वारुळात रचते आणि त्यांवर ही बुरशी पोसते. पाऊस झाला की त्याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात. म्हणून खरी खूण मातीखाली शोधायची.

छत्री उपटू नका. खुरप्यानं चारी बाजूंची माती वीतभर खोल मोकळी करा. देठ निमुळता होत मुळासारखा खाली खाली गेलेला दिसला पाहिजे. टोपीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो. टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांना कल्ले म्हणतात. ते पांढरट असतात, वय झाल्यावर किंचित गुलाबी होतात आणि देठाला चिकटलेले नसतात. बुडाशी पिशवी नसते. पांढरी, सैल, फाटक्या पिशवीसारखी खोळ दिसली तर तो नमुना तिथंच टाकून द्या. अमानिटा या गटातल्या अनेक विषारी जातींची ती खूण आहे, आणि उपटताना ही खोळ मातीतच राहते. देठ अर्ध्यावर तुटला तर ओळख पटली असं धरू नका.

वारुळाजवळ उगवली म्हणजे खायची झाली, असंही नाही. त्याच मातीत दुसऱ्या छत्र्याही येतात. कोरड्या भागातल्या वारुळावर पोडॅक्सिस नावाची मुसळासारखी उभी, टोपी न उघडणारी जात दिसते. कोवळेपणी ती आतून पांढरी असते, पिकली की आत काळपट भुकटी होते. सगळ्या खुणा एकाच नमुन्यात जुळल्या आणि गावातल्या जाणत्या माणसानं तोच नमुना हातात घेऊन होकार दिला, तरच भाजी करा. नीट शिजवा, पहिल्या वेळी दोन घासच खा आणि एक कच्ची छत्री कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

सोसायटीच्या लॉनमध्ये ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या गोल रिंगण करून उगवल्या आहेत. वर तपकिरी खवले आहेत. खाता येतील का? मुलं तिथं खेळतात.
— एक वाचक, लातूर

खाऊ नका. ही बहुधा हिरव्या कल्ल्यांची क्लोरोफायलम आहे. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरेच असतात, आणि घोटाळा तिथंच होतो. देठावर कडं असतं, ते बोटानं वर-खाली सरकतं. पोटात गेली तर साधारण एक ते तीन तासांत पोटात मुरडा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, म्हणून त्यांना धोका जास्त.

खात्री करायला बीजाणूंचा ठसा घ्या. पूर्ण उघडलेली टोपी निवडा आणि देठ टोपीलगत कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घेऊन कल्ले खाली करून टोपी त्यावर ठेवा. वरून पाण्याचा एकच थेंब टाका, वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागद उजेडात पाहा. क्लोरोफायलमचा ठसा मळकट हिरवा येतो. वाळवीच्या अळिंबीचा फिकट गुलाबी, अमानिटाचा पांढरा. पांढरा ठसा काळ्या अर्ध्या भागावरच नीट दिसतो. ठसा उमटला नाही तर टोपी मिटलेली किंवा उन्हानं सुकलेली असणार. पावसात भिजलेली टोपी कागदावर चिखल करते, तिच्यावर थेंब टाकू नका. पंख्याखाली ठसा फिसकटतो.

ठशानं जात बाद करता येते, खाण्याची परवानगी मिळत नाही. गुलाबी ठसा देणाऱ्या विषारी जातीही आहेत.

हात लावल्यानं विष चढत नाही, हात धुतले की पुरे. टोप्या उघडण्याआधी छत्र्या वेचून खोल खड्ड्यात पुरा. बुरशीनाशक फवारून फारसा उपयोग होत नाही, कारण बुरशीचं जाळं मातीत आहे. अर्धवट कुजलेलं शेणखत किंवा पुरलेलं लाकूड असेल तर ते काढा.

शिजताना चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडला नाही तर छत्री बिनविषारी, हे खरं का?
— एक वाचक, परभणी

खोटं आहे. अमानिटातल्या जीवघेण्या विषानं चांदी काळी होत नाही, लसूणही नाही. किडे पडलेली, गोगलगायीनं कुरतडलेली छत्रीही माणसाला मारू शकते. उकळून, वाळवून, मीठ-हळद लावून हे विष जात नाही.

फसवणारी गोष्ट वेळेची आहे. हे विष पोटात गेल्यावर साधारण सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या-जुलाब होतात, नंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. म्हणून जंगली छत्री खाल्ल्यावर उशिरा त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा समजा. बरं वाटलं म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा, उरलेली भाजी आणि कच्ची छत्री डॉक्टरांकडे न्या, कधी खाल्ली ती वेळ सांगा आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना दाखवा, त्रास नसला तरी. घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका.

गुलमोहराच्या बुंध्याला लाल-तपकिरी, वार्निश लावल्यासारखी चकचकीत फळी आली आहे. काढून टाकली तर झाड वाचेल का?
— एक वाचक, बीड

बहुधा ही गॅनोडर्मा नावाची बुरशी आहे. ती मुळं आणि बुंधा आतून कुजवते. फळी बाहेर दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे ती खरवडून झाड वाचत नाही. बुंध्याला लाकडी हातोड्यानं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा शेंडे वाळत असतील तर वादळी पावसाआधी झाड उतरवून घ्या, आणि तोवर त्याखाली जनावरं बांधू नका, गाडी लावू नका. झाड काढल्यावर जाड मुळंही उकरा. त्याच खड्ड्यात लगेच दुसरा गुलमोहर लावू नका.