शहरात मजा येते का, हे मोजायचं कसं?

प्रश्न : २०१८ च्या केंद्र सरकारच्या राहणीमान यादीत १११ शहरांत पुणे पहिलं आलं होतं, पण नोकरीसाठी इथं आलेल्या माझ्या भाच्याला करमतच नाही. मग ती यादी चुकीची का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चुकीची नाही हो ताई, पण त्यात पाणी, कचरा, रस्ते, दवाखाने असलं मोजतात, मजा हा वेगळाच विषय. मी तर साधं बघते, मंगळवारी संध्याकाळी खिशात शंभर रुपये असतील तर माणूस कुठं कुठं जाऊ शकतो आणि रात्री नीट घरी येऊ शकतो का. वेताळ टेकडी फुकट आहे, वर वारा असतो, अंधार पडायच्या आत उतरताना अनोळखी आजोबासुद्धा "सावकाश हां, खडी आहे" म्हणतात, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? पण बालगंधर्वला रात्रीचं नाटक बघून बाहेर आलं की बस नसते आणि रिक्षा परवडत नाही, तिथं मी मार्क कापते, आणि भरपूर कापते. भाच्याला एकदा टेकडीवर न्याच, शक्यतो पावसाळ्यात.