लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) एक वर्षाच्या एमएससीला आहे, तिथल्या 'मिलेनियम' या आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या जर्नलमध्ये काम करता येईल का?

हो, एमएससीवाल्यांनाही येतं, फक्त टर्म सुरू झाली की लगेच एडिटोरियल बोर्डासाठी नाव द्या, जानेवारीपर्यंत थांबलात तर एसे आणि डिसर्टेशनमध्येच अडकून पडाल. हे जर्नल १९७१ पासून एलएसईचे विद्यार्थीच चालवतात. मी बोर्डावर होते म्हणून सांगते, खरं काम म्हणजे लेखकाचं नाव काढलेला लेख आधी नीट वाचून यायचं आणि मीटिंगमध्ये तो बाहेरच्या रिव्ह्यूअरकडे पाठवायचा का यावर बोलायचं, आणि नुसतं 'नाही आवडला' चालत नाही, कुठल्या पानावर युक्तिवाद तुटतो ते दाखवावं लागतं. हे वर्गात कोणी शिकवत नाही, खरंच सोडू नका. मात्र मुख्य संपादक साधारण पीएचडीवाले असतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी त्या पदाची अपेक्षा धरू नका.