सिव्हिलचे प्राध्यापक ‘रिस्क आणि रिलायबिलिटी’वर आयुष्यभर काय संशोधन करतात? पुण्यात बी.टेक. करून त्यात जाता येईल का?

जाता येईल, पण पीएचडीपर्यंतची तयारी हवी. आणि संशोधन बांधकामापेक्षा संभाव्यतेच्या गणिताचंच जास्त असतं. मी याच विषयात एम.टेक. केलंय, त्यावरून सांगतो. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडमधले लोडसाठी 1.5, काँक्रीटसाठी 1.5 आणि स्टीलसाठी 1.15 हे सुरक्षिततेचे गुणक आपण पाठ करतो. ते एवढेच का, हे तपासायचं शास्त्र म्हणजे रिलायबिलिटी. त्यातला ‘बीटा’ (रचना किती भरवशाची, हे सांगणारा निर्देशांक) 3 आला, तर नॉर्मल वितरण धरून बिघाडाची शक्यता साधारण 740 मध्ये 1 निघते. रिस्कमध्ये याच्या पुढचा प्रश्न येतो: बिघडलंच, तर नुकसान किती? धरण फुटलं तर काय होतं, हे 12 जुलै 1961 च्या पानशेतनंतर पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

अशी कारकीर्द कशी घडते ते पाहायचं तर या विषयातले अमेरिकी प्राध्यापक अॅलिन कॉर्नेल यांचं काम बघा. 1968 मध्ये त्यांनी भूकंपाचा धोका संभाव्यतेत मांडायची पद्धत दिली (कोयनेचा भूकंप आदल्याच डिसेंबरातला), 1969 मध्ये त्याच विचारावर स्ट्रक्चरल कोडची मांडणी केली. आधी एमआयटी, मग स्टॅनफर्ड.

आत्ता करायचं ते एवढंच:
- संख्याशास्त्र पक्कं करा, पायथनमध्ये माँटे कार्लो (यादृच्छिक आकडे हजारो वेळा टाकून शक्यता काढायची पद्धत) लिहून बघा
- गेट द्या. आयआयटी खरगपूरला रिलायबिलिटीचा स्वतंत्र विभाग आहे

मात्र प्राध्यापकी नको, नोकरीच हवी असेल, तर पुण्यात ‘रिलायबिलिटी इंजिनिअर’च्या जागा बहुतेक वाहन उद्योगात निघतात आणि तिथे मेकॅनिकलवाल्यांना आधी विचारतात.