आययूआयने खरंच फरक पडतो का? डॉक्टर म्हणतात, तीनदा करून बघू

तुमचं वय 31, लग्नाला चार वर्षं झालीत, दिवस जावेत म्हणून डॉक्टरांनी आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) सुचवलाय आणि 'रिपोर्ट साधारण नॉर्मल' आहेत, एवढंच तुम्ही लिहिलंय. त्यातलं 'साधारण' मला खटकलं, म्हणून लिहायला बसले.

आकडा विचाराल तर तुमच्या वयात एका सायकलला, म्हणजे एका महिन्याच्या प्रयत्नाला, दिवस जाण्याची शक्यता ढोबळ 10 ते 15 टक्के. ऐकून मन खट्टू होतं, पण काहीच अडचण नसलेल्या जोडप्यालासुद्धा एका महिन्यात 20-25 टक्केच संधी असते. तीन सायकली धरल्या तर साधारण तिघींतल्या एकीला दिवस जातात. चाळिशी ओलांडली की मात्र एका सायकलचा आकडा पाचाच्या आसपास घसरतो.

हा सगळा हिशेब बीजनळी मोकळी असेल तर. आययूआयमध्ये धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडतात, बस. पुढचा नळीतला प्रवास शुक्राणूंनाच करायचा असतो. माझ्या पहिल्या दोन सायकली एचएसजी (डाय, म्हणजे रंगद्रव्य सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघायची तपासणी) न करताच उरकल्या. लेट्रोझोल (बीज वाढवायची गोळी), दिवसाआड सोनोग्राफी, बीज फुटायला ट्रिगरचं इंजेक्शन, सगळं यथासांग. नवरा सॅम्पलची डबी शर्टाच्या आत पोटाशी धरून रिक्षाने आणायचा, थंड पडू नये म्हणून. तिसऱ्या वेळी डॉक्टर बदलले. त्यांनी आधी एचएसजी करायला लावली. जीवघेणी कळ आली आणि पडद्यावर डाय दोन्ही कोपऱ्यांत येऊन थांबला. लॅप्रोस्कोपीतही (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) तेच निघालं, दोन्ही नळ्या बंद. म्हणजे ती डबी दोनदा उगाचच शहरभर फिरली होती! मग आम्ही आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) वळलो.

म्हणून एचएसजी झालीय का, ते आधी बघा. आणि मिस्टरांचा नुसता काउंट नको, वॉशनंतर हालते शुक्राणू किती उरतात ते विचारा. 50 लाखांच्या वर असतील तर करून बघण्यात अर्थ आहे. 10 लाखही नसतील तर मी तरी पैसे घालणार नाही. तीन-चार सायकलींत नाही झालं तर पुढे तेच करत राहू नका, घरचे कितीही 'अजून एकदा' म्हणोत.

आणि घरी दिवस गेलेत का बघायच्या कार्ड टेस्टची घाई नको. ट्रिगरमध्येच एचसीजी, म्हणजे कार्ड टेस्ट जे शोधते तेच हार्मोन असतं, ते आठ-दहा दिवस अंगात राहतं. मी आठव्या दिवशी दोन रेघा बघून नवऱ्याला पेढे आणायला पिटाळलं होतं.