बिअर शिजते त्या दिवशी जा

प्रश्न : आमचा चौदा जणांचा गट खेड्यातली एक छोटी ब्रूअरी बघायला जाणार आहे. एकच कुटुंब ती चालवतं. आमच्यातले निम्मे जण बिअर पीत नाहीत. त्यांना तिथे बघण्यासारखं काय असेल? आणि एवढ्या जणांमुळे घरच्यांची अडचण तर होणार नाही ना?

उत्तर : न पिणाऱ्यांची काळजी सोडा. बिअर करण्यात माझं आयुष्य गेलं, तरी मला ब्रूअरीतला सगळ्यात आवडता वास बिअरचा नाही. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात पडताना जो दरवळ सुटतो, तो आवडतो. म्हणून आधी फोन करून बिअर कोणत्या दिवशी शिजते ते विचारा आणि त्या दिवशी सकाळीच पोहोचा. एरवी नुसत्या बंद टाक्या बघून परत याल.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. चिमूटभर मागून घ्या आणि सावकाश चावा. आधी पिठूळ लागेल, मग गोडी उतरेल. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं (एन्झाइम) ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पिठाची साखर करतात. पाणी थोडं कोमट राहिलं तर बिअर हलकी, कोरडी होते. जास्त तापलं तर दाट, गोडसर. त्या तासाभरात यजमानाचं लक्ष थर्मामीटरवर असतं, तेव्हा प्रश्न जरा राखून ठेवा. पुढे गाळलेला रस उकळायला जातो. त्यात अल्कोहोल नसतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, पडून कडू व्हायच्या आत न पिणाऱ्यांनी तो घोटभर मागून जरूर चाखावा.

अडचण म्हणाल, तर होते. शिजवणं, टाक्या घासणं, बाटल्या भरणं, हिशेब, सगळं दोन-तीन माणसांवर असतं. सात-सात जणांच्या दोन तुकड्या करा. जमीन कायम ओली असते, न घसरणारे बूट घाला. अत्तर लावू नका, वासच घ्यायला चालला आहात. उकळून गार केलेल्या रसात बोट घालू नका; त्यात जंतू शिरले तर अख्खी टाकी बिघडते. आंबवणाच्या उघड्या टाकीवर वाकायचं तर मुळीच नाही. फेसावर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो खोल ओढला गेला तर माणूस कोसळू शकतो. हे मुलांना दारातच सांगा.

पाहुणचार फुकट असला तरी निघताना बाटल्या विकत घ्या. गाडी मात्र न पिणाऱ्यांपैकीच कुणीतरी चालवा.