अँजिओप्लास्टीनंतर पाठीवरची जखम भरत नाही, दावा टिकेल का?

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे, वजन ९४ किलो, मधुमेह आहे. १९ महिन्यांपूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात पूर्ण बंद झालेल्या रक्तवाहिनीसाठी त्यांची अँजिओप्लास्टी केली. पहिल्यांदा जमली नाही म्हणून १२ दिवसांनी पुन्हा केली. त्यानंतर तीन आठवड्यांनी उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली चौकोनी लाल डाग उठला. सांगलीत आधी नागीण, मग बुरशी समजून औषधे दिली. पाच महिन्यांनी तिथे जखम झाली, ती आजही भरलेली नाही. त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, ही क्ष-किरणांची इजा आहे. रुग्णालय संमतीपत्रावरची सही दाखवते. बिल ४ लाख ६० हजार झाले होते. केस करता येईल का? पोलिसांत जावे का?

उत्तर: ग्राहक आयोगात केस करता येईल. पण “किरण जास्त दिले” एवढ्याच मुद्द्यावर ती उभी करू नका. उपचारासाठी रुग्णाला मिळणाऱ्या किरणांवर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. बंद वाहिनी उघडताना वेळ लागतो, किरण वाढतात आणि प्राण किंवा हृदय वाचवण्यासाठी ते योग्यही ठरू शकतात. डॉक्टरांचे वकील पहिल्याच तारखेला हेच सांगतील. तुमची खरी ताकद दुसरीकडे आहे: किती मात्रा गेली याचा आकडा मशीनवर दिसत होता. तो नोंदला का, दुसऱ्या वेळी विचारात घेतला का आणि घरी पाठवताना तुम्हाला सांगितला का?

म्हणून आधी आकडा मिळवा. कॅथलॅबमधले (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतले) आधुनिक क्ष-किरण मशीन दोन मात्रा दाखवते. एक, संदर्भबिंदूवरची (त्वचेच्या जवळपास मानलेल्या ठरावीक जागेवरची) एकूण मात्रा, बहुधा मिलिग्रेमध्ये; ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक. दोन, मात्रा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, म्हणजे डीएपी. त्वचेच्या इजेसाठी पहिली महत्त्वाची. साधारण २ ग्रेच्या (२००० मिलिग्रे) पुढे तात्पुरती लाली येऊ शकते, ६ ग्रेच्या आसपास दहा-बारा दिवसांनी ठळक लाली, १५ ग्रेच्या पुढे ओली सालपटे आणि नंतर महिन्यांनी न भरणारी जखम. हे आकडे त्वचेच्या एकाच जागेवर पडलेल्या मात्रेचे आहेत. मशीनचा आकडा सगळ्या कोनांची बेरीज असतो, त्यामुळे तो जसाच्या तसा त्वचेची मात्रा म्हणून वापरू नका. नुसती फ्लुरोस्कोपीची (पडद्यावर चालू क्ष-किरण चित्र पाहण्याची) मिनिटेही पुरेशी नाहीत: त्यात चित्रीकरणाची मात्रा येत नाही आणि ९४ किलोच्या माणसाला त्याच मिनिटांत बारीक माणसापेक्षा बरीच जास्त मात्रा लागते. डीएपीचे एकक नीट वाचा; काही मशीन मायक्रोग्रे चौरस मीटरमध्ये देतात, १०० म्हणजे १ ग्रे चौरस सेंटिमीटर. हा घोळ मी फार वेळा पाहिला आहे.

जागा आणि आकारही पुरावाच आहे. डावीकडून तिरका पाहणाऱ्या, एलएओ नावाच्या कोनात किरण सोडणारी क्ष-किरण नळी रुग्णाच्या पाठीमागे उजव्या बाजूला असते, म्हणून इजा उजव्या फऱ्याखाली येते. चौकोनी कड किरणांच्या झरोक्याच्या आकाराशी जुळते. तीन आठवड्यांनी डाग आणि महिन्यांनी जखम, हा क्रमही नागीण किंवा बुरशीचा नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून हे सर्व तारखांसह लेखी घ्या. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जुने फोटो मूळ फाईलसकट जपा. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागेल. आणि एक वैद्यकीय पण महत्त्वाची सूचना: खात्रीसाठी त्या जागेचा तुकडा काढण्याची घाई करू नका. अशी त्वचा काप भरून काढत नाही, जखम वाढू शकते. ते प्लास्टिक सर्जनशी बोलूनच ठरवा.

आता रुग्णालयाला पत्र. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, वडिलांच्या सहीने, पोच घेऊन आणि सोबत स्पीड पोस्टने. मागायचे: दोन्ही वेळचे डिस्चार्ज कार्ड, प्रोसीजर नोट, दोन्ही संमतीपत्रे, कॅथलॅब रजिस्टरमधील नोंद, मशीनचा मात्रा अहवाल आणि मूळ स्वरूपातील सीडी. सीडी छापील फोटोंपेक्षा मोलाची, कारण प्रत्येक चित्रफितीसोबत नळीचा कोन नोंदलेला असतो. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ त्यावरून एकाच जागेवर किती भार पडला याचा अंदाज बांधू शकतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. पण मात्रा अहवाल बहुधा केसपेपरात न जाता मशीनच्या डिस्कवर राहतो आणि जागा भरली की पुसला जातो. तो जपून ठेवावा, अशी लेखी मागणी याच पत्रात करा. नंतर “उपलब्ध नाही” म्हटले तर ते उत्तरही आयोगापुढे उपयोगी पडते.

संमतीपत्राची भीती बाळगू नका. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, मोठे धोके आणि पर्याय सांगणे आवश्यक मानले. दूरान्वयाचे धोके सांगण्याची सक्ती नाही. पहिल्या वेळी रुग्णालय “दुर्मीळ धोका” म्हणू शकेल. दुसऱ्या वेळी मात्र नाही: वजन माहीत, पहिली मात्रा माहीत आणि जागा तीच. दुसरी अँजिओप्लास्टी तातडीची होती का, दोन महिने थांबता आले असते का, कोन बदलला का, फ्रेमची गती (सेकंदाला किती चित्रे) कमी केली का, हे प्रश्न तक्रारीत सरळ मांडा. पहिल्या मात्रेची नोंद नसेल तर उत्तर देणे त्यांना जड जाईल. सविता गर्ग प्रकरणात (२००४) न्यायालयाने स्पष्ट केले की प्राथमिक आधार दाखवला की निष्काळजीपणा नव्हता हे रुग्णालयाने दाखवायचे.

मुदतीबाबत सावध राहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षे. इजा उशिरा कळली तर कळल्यापासून मोजता येते, हे श्रीखंडे प्रकरणात (२०१०) मान्य झाले. पण तिथे रुग्णाला आधीपासून त्रास असूनही तपास न केल्याने दावा मुदतबाह्य ठरला. डाग तीन आठवड्यांतच दिसला होता, म्हणून पहिल्या प्रोसीजरपासूनच मोजा: तुमच्याकडे जेमतेम पाच महिने आहेत. रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू असला तरी मुदत थांबत नाही.

दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोग. वडील सांगलीत राहतात म्हणून सांगलीतच दाखल करता येईल, पुण्याला हेलपाटे नकोत. ५ लाखांपर्यंतच्या बिलावर शुल्क नाही. विम्याने बिल भरले असले तरी हक्क जात नाही. तक्रारदार वडीलच, रुग्णालय आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना प्रतिवादी करा.

अणुऊर्जा नियामक मंडळाकडे तक्रार आणि १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज समांतर चालू द्या: कॅथलॅबचा परवाना कधीपासून, शेवटची गुणवत्ता चाचणी कधी. मंडळ भरपाई देत नाही, पण चाचणी न झालेले मशीन सापडले तर केस पालटेल. पोलिसांत जाऊ नका. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत. यात वर्ष जाईल आणि दिवाणी मुदत निसटेल.

भरपाईत आतापर्यंतची मलमपट्टी, त्वचारोपण किंवा फ्लॅपच्या (शेजारची त्वचा-मांस वळवून जखम झाकण्याच्या) शस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक, बुडालेली मजुरी किंवा पगार, प्रवास आणि वेदना हे वेगवेगळे लिहा. पुढे कॅन्सर होईल म्हणून कोटीचा आकडा टाकू नका: एका व्यक्तीसाठी तो सिद्ध होत नाही, आणि विरुद्ध पक्षाचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवून बाकीचा हिशोबही फुगवलेला आहे असे म्हणेल.