प्लॉट विकू नका, जीवशास्त्राची पुस्तकं आणा

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला, जीवशास्त्राऐवजी आयटी घेतलेली. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेतल्या क्वांटम (अणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्राच्या) संशोधनाबद्दल ऐकल्यापासून इंजिनिअरिंगचं नाव काढत नाही. एका खासगी कॉलेजात 'क्वांटम' नाव लावलेला बी.टेक. आहे, फी लाखांत. वडील विचारतात, प्लॉट विकून भरू का? आणि पुढे नोकरीचं काय?

नमस्कार दादा,

प्लॉट राहू द्या. पदवीच्या नावात क्वांटम असायची काहीच गरज नाही. पाषाणच्या आयसरमध्ये एक गट लेझरने रुबिडियमचे अणू थंड करून कोंडून ठेवतो, दुसरा एनएमआर यंत्रात, म्हणजे मोठ्या चुंबकात, अणुकेंद्रांच्या फिरकीवर (स्पिनवर) गणितं सोडवून घेतो. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत क्यूबिटच्या (क्वांटम संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाच्या) चिप निरपेक्ष शून्याहून, म्हणजे सर्वात कमी शक्य तापमानाहून, अंशाच्या काही शतांशच वर ठेवतात. अशा प्रयोगशाळेत बहुतेकांचं मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं, काहींचं इलेक्ट्रॉनिक्सचं. दिवस कशात जातो? व्हॅक्यूम कुठे गळतोय ते शोधण्यात, लेझर जुळवण्यात, नाहीतर कोड लिहिण्यात. लेकीला हे आधी सांगा. यूट्यूबवर फक्त क्वांटम संगणकाचं झुंबरासारखं सोनेरी यंत्र दिसतं.

आता पैशाचं. राष्ट्रीय क्वांटम मिशन या केंद्र सरकारच्या योजनेला 2023 मध्ये सुमारे 6,003 कोटी रुपये मंजूर झाले, त्यावरून जाहिरातींना ऊत आलाय. पण हे मिशन 2030-31 पर्यंतचं आहे. आयसरचा बीएस-एमएस हा जोडपदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, पीएचडीची पुढची पाच-सहा. म्हणजे ती बाहेर पडेल तेव्हा मिशनची मुदत कधीच संपलेली असेल! सरकारी आकडा पाहून निर्णय घेऊ नका. अकरावी-बारावीतले संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स हे दोन धडे ती परीक्षेचं ओझं नसतानाही सोडवत बसते का, ते पाहा. क्यूबिटची सगळी भाषा तिथूनच सुरू होते. कंटाळत असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घाला, त्यात कमीपणा नाही. या क्षेत्राला सॉफ्टवेअरवालेही लागतात.

नोकरी लवकर लागणार नाही, हे स्पष्टच सांगतो. मात्र नेट-जेआरएफ ही परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता असतो, तेव्हा तुमच्यावर भार राहत नाही.

आयसरची प्रवेशपरीक्षा आयएटी. हुकली तर सोलापूर-पुण्यात भौतिकशास्त्रात बीएस्सी करून 'जॅम' ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देता येते, आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. हा रस्ता स्वस्त आहे आणि लोक उगाच त्याला नाक मुरडतात.

एक गोष्ट मात्र पत्र वाचताना खटकली. आयएटीत जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, विषय घेतलेला असो वा नसो, आणि मुलीने तो सोडलाय. शेजारपाजारी कुणी नीटची तयारी केली असेल, तर त्यांची जुनी पुस्तकं याच आठवड्यात मागून आणा.